दोन काठांची गरारी

मी गरारी बोलतेय. गरारी म्हणजे तारेवर चाकांनी सरकणारा लोखंडी पाळणा. बाळाला झोपवायचा नव्हे, माणसांना नदी ओलांडून न्यायचा. या काठावर रिंगालखेत गाव आहे, त्या काठावर मुन्स्यारीला जाणारा रस्ता आणि मध्ये, खूप खाली, गोरी नदी. काठापासून काठापर्यंत एक जाड तार ताणलेली आहे. त्या तारेला मी लटकते. माझ्या दोन्ही बाजूंना एकेक दोर बांधला आहे. एक दोर गावाच्या हातात असतो, दुसरा रस्त्याच्या.

मी जन्मले ती खालच्या एका बाजारातल्या लोहाराच्या दुकानात. तो माझे गज जोडत होता तेव्हा त्याची बायको जेवणाचा डबा घेऊन आली. माझ्याकडं बघून तिनं विचारलं, "वाघ पकडायचाय का कुठं?"

"माणसं न्यायचीत," लोहार म्हणाला.

"मग दार का नाही ठेवलंत?"

"दार ठेवलं तर लोक मधेच उघडतील."

असा माझा जन्म. चार बाजूंना गज, खाली जाळी, वर दोन चाकं, आणि आत-बाहेर करायला एका बाजूला गजांमध्ये सोडलेली फट.

माझ्याआधी इथं पूल होता. एका पावसाळ्यात नदीनं तो उचलून नेला. नवा पूल होईपर्यंत दोन-चार महिन्यांची सोय म्हणून मला इथं टांगलं. ते दोन-चार महिने बरीच वर्षं चालले. गावातली मुलं माझ्यात बसून शाळेला जाऊ लागली, नोकरी लागून परदेशी गेली, तरी सोय आपली तिथंच.

माझ्यातून काय काय गेलं म्हणून सांगू. रेशनची पोती, बकऱ्या, आजारी माणसं, नवऱ्या मुली, एकदा तर शिवणयंत्र. बकऱ्या सगळ्यात शहाण्या. गुपचूप बसतात. बायका नंदादेवीचं नाव घेतात. पुरुष मध्यावर आले की उगाच मोठ्यांदा बोलायला लागतात, म्हणजे भीती वाटत नाही असं सगळ्यांना कळावं. पण गप्प कुणी बसत नाही. खाली एवढं पाणी गर्जत असताना माणसाला काहीतरी बोलावंच लागतं. त्यामुळं रिंगालखेतच्या कुठल्या घरात काय चाललंय ते मला ठाऊक असतं. जे मी पाहिलं नाही, ते मागाहून माझ्यात बसलेल्यांनी मला ऐकवलं.

अलीकडं पाठीवर घर बांधून फिरणारी माणसंही येऊ लागली होती. तरुण असतात. पाठपिशवी त्यांच्या डोक्याच्याही वर जाते. गावात कुणाच्या तरी घरी उतरतात, नदीकाठच्या दगडांवर बसतात, आणि चार दिवसांनी "इथंच राहावंसं वाटतं" असं म्हणत निघून जातात.

शुभ्रांशू त्यांच्यातलाच. ओडिशाचा, समुद्राकाठचा. जेठाच्या, म्हणजे ज्येष्ठाच्या दिवसांत आला. सडपातळ, चष्मा लावणारा, बोलायला गोड. धनुली आमाच्या, म्हणजे धनुली आजीच्या घरी उतरला, कारण पाहुण्यांना द्यायला रिकामी खोली तिच्याकडंच होती. तशा गावात रिकाम्या खोल्या पुष्कळ, पण झाडून ठेवलेली तिचीच.

त्या घरात दोघीच. धनुली आमा आणि तिची सून गोविंदी. आमाचा मुलगा पुष्कर हल्द्वानीला एका हॉटेलात स्वयंपाकी आहे. स्वतःच्या लग्नाला सुट्टी मिळाली तेवढे दिवस आला, मग कधी होळीला, कधी नाही. गोविंदी एकदा माझ्यात बसून मैत्रिणीला सांगत होती, "नवऱ्याचा चेहरा आठवायला मला फोटो बघावा लागतो. आणि फोटोत तो टोपी घालून आहे."

शुभ्रांशू चांगला पाहुणा होता. नाचणीची भाकरी आणि भांगेच्या बियांची चटणी मागून खायचा. मिठाचा चहा पहिल्या दिवशी त्याला गिळवला नाही, तिसऱ्या दिवशी दुसरा पेला मागितला. सकाळी नदीवर जाऊन बसायचा तो उन्हं डोक्यावर येईपर्यंत. एकदा गोविंदी पाणी भरायला आली तेव्हा तिला म्हणाला, "वहिनी, इथं वेळ थांबलाय असं वाटतं."

"थांबलाय खरा," गोविंदी म्हणाली. "कुणी ढकलेल तर बरं."

तो हसला. तिनं थट्टा केली असं त्याला वाटलं.

त्याच्या निघण्याच्या दिवशी सकाळी आमा गोठ्यात होती. गोविंदी एक गाठोडं घेऊन त्याच्या खोलीच्या दाराशी आली. "दाज्यू, तुमच्या पिशवीत माझं थोडं सामान बसेल का? रस्त्याला पोचलो की काढून घेते."

दाज्यू म्हणजे थोरला भाऊ. शुभ्रांशू तिच्याहून लहानच असेल, पण मान म्हणून म्हणायचं. त्यानं विचारलं नाही, काय सामान, कशाला. म्हणाला, "घाला की." पिशवी आधीच भरलेली. गुडघा दाबून दाबून त्यानं ती बंद केली. पट्टे कसेबसे अडकले, आणि एक लांब पट्टा लोंबत राहिला.

पाहुण्याला रस्त्यापर्यंत पोचवून येणं हे गोविंदीचं नेहमीचंच काम होतं. त्यामुळं "येते गं ईजा" म्हणून ती निघाली तेव्हा आमाला काही वावगं वाटलं नाही. ईजा म्हणजे आई. उलट आमा स्वतःच काठावर आली, गावाकडचा दोर सोडायला. तिच्या हाताला दोराची सवय आहे. शेजारची कलावती काकी गवताचा भारा उतरवून तिथंच टेकली होती. तिची सून भरल्या दिवसांची होती, आणि काकी तेच पुराण लावून बसली होती.

दोघं माझ्यात चढली. खालची जाळी ओली होती, जागा इवलीशी. शुभ्रांशूनं पिशवी वरच्या दांडीला अडकवली. मला ते आवडलं नव्हतं. पण मला कोण विचारतंय.

पलीकडून त्रिलोकनं ओढायला सुरुवात केली. त्रिलोकचं रस्त्यावर चहाचं दुकान आहे. गिऱ्हाईक नसेल तेव्हा तो दोर ओढतो आणि असेल तेव्हा गिऱ्हाइकालाच ओढायला लावतो. मी सरकत निघाले. गाव मागं गेलं. गोविंदी गावाकडं पाठ करून उभी होती. तिचे हात माझ्या गजावर इतके घट्ट होते की मला वाटलं हिला आज भीती वाटतेय. पण ती भीती पाण्याची नव्हती.

बरोबर मध्यावर गचका बसला.

लोंबणारा तो पट्टा माझ्या चाकात गेला होता. चाकानं त्याला दोन वेटोळी देऊन गिळलं. आता पुढं नाही, मागं नाही. त्रिलोकनं जोर लावला तसा पट्टा आणखी आवळला. गोविंदीनं दोन्ही हात हलवून त्याला थांबवलं.

"पिशवीचं वजन आहे म्हणून पट्टा ताणलाय," शुभ्रांशू वर बघत म्हणाला. "सामान काढलं की सैल होईल."

"उघडू नका."

"उघडल्याशिवाय कसा सुटणार?"

"ओढून बघा. नुसतं ओढून बघा."

"वहिनी, बघितलं ना तुम्ही. हलत नाही."

त्यानं पिशवी उघडली आणि एकेक वस्तू काढून पायाशी टाकू लागला. त्याचे मोजे, स्वेटर, पुस्तकं. मग तिचं गाठोडं. गाठोड्याची गाठ सकाळच्या घाईत नीट बसलेली नव्हती. गोरीच्या खोऱ्यात जेठात दुपारी वारा सुटतो तो खालून वर. त्या वाऱ्यानं गाठोड्यातलं सगळ्यात हलकं कापड उचललं आणि माझ्या गजांबाहेर फडकवलं. पिवळं, त्यावर लाल ठिपके, कडेला झालर. लग्नातला पिछौडा. आमच्याकडं तो बाई शुभकार्याला डोक्यावरून घेते, आणि घर सोडून जाताना मागं ठेवत नाही.

गोविंदीनं त्याचं एक टोक पकडलं म्हणून तो नदीत गेला नाही. पण दोन्ही काठांनी तो पाहिला.

काठावर काय बोलणं झालं ते मला मागाहून कळलं.

"धनुली दीदी," कलावती काकी म्हणाली, "तो तुझ्या सुनेचा पिछौडा नव्हे?"

"मला डोळे आहेत."

"पाहुण्याच्या पिशवीत कसा गं?"

"तू तुझं गवत बघ."

काकीनं गवत बघितलं नाही. उठून वर गेली आणि जी भेटेल तिला सांगत सुटली की धनुलीची सून पाहुण्याबरोबर पळाली, पण फार लांब नाही, नदीच्या मध्यापर्यंत. थोड्याच वेळात निम्मं गाव काठावर जमलं.

इकडं पट्टा सुटला. शुभ्रांशूनं घाम पुसला, सामान पुन्हा भरलं, आणि पिशवी पायाशी ठेवली. "झालं. आता ओढतील."

त्रिलोकनं ओढलं. मी हलले नाही.

"अजून कुठं अडकलंय का?" तो चाकं बघू लागला.

चाकं मोकळी होती. मला कळलं होतं काय झालंय, आणि गोविंदीलाही. गावाकडचा दोर ताठ झाला होता. धनुली आमानं तो काठावरच्या खांबाला गुंडाळून गाठ मारली होती आणि खांबाला पाठ टेकून ती खाली बसली होती.

नदीवर आवाज पोचत नाही. म्हणून आमच्याकडं दोरानं बोलतात. एक झटका म्हणजे ओढ, दोन म्हणजे थांब, तीन म्हणजे सोड. गोविंदी माझ्या मागच्या बाजूला गेली, गावाकडचा दोर धरला आणि तीन झटके दिले. सोड.

थोड्या वेळानं उत्तर आलं. दोन झटके. थांब.

तिनं पुन्हा तीन दिले. पुन्हा दोन आले. हे सगळं माझ्या अंगातून जात होतं. सासूचा हात आणि सुनेचा हात, दोन्ही मला ओळखीचे. सुनेचे झटके जोराचे होते. सासूचे नव्हते. ती अगदी सावकाश ओढत होती, दाराची कडी लागलीय का बघतात तसं.

"काय चाललंय?" शुभ्रांशूनं विचारलं.

"ईजानं दोर बांधलाय."

"का?"

गोविंदीनं पिछौड्याची घडी केली आणि मांडीवर ठेवली. मग सांगितलं.

त्याचा चेहरा उतरला. "म्हणजे तुम्ही पळून चालला होतात? आणि माझ्या पिशवीतून?"

"नवऱ्याकडं चाललेल्या बाईला पळून चालली म्हणतात का?"

"मग सांगून का नाही निघालात?"

"सांगून निघाले होते की. एकदा बटाटे काढून झाल्यावर, एकदा राजमा झाल्यावर. दोन्ही वेळा काठापर्यंत आले. ईजा अडवत नाही हो. रडत नाही, शिव्या देत नाही. नुसतं विचारते, 'संध्याकाळी दार कोण लावील?' की माझे पाय मागं फिरतात." तिनं घडीवरून हात फिरवला. "आज म्हटलं, तिला विचारायची संधीच द्यायची नाही."

शुभ्रांशू काठाकडं बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "ते सगळे लोक मला बघतायत ना?"

"तुम्हालाच बघतायत. मला तर रोजच बघतात."

"त्यांना काय वाटतंय?"

"जे वाटायचं तेच."

"पण मी तर तुम्हाला वहिनी म्हणतो."

"तुमचं म्हणणं इथनं ऐकू जात नाही," गोविंदी म्हणाली, आणि त्या परिस्थितीतही तिला हसू आलं.

दुपार कलली. उन्हानं वरच्या डोंगरांतलं बर्फ वितळतं आणि दुपारनंतर गोरी फुगते. खालचे दगड एकेक करून पाण्याखाली गेले. तुषार माझ्या जाळीतून वर येऊ लागले. शुभ्रांशू गज धरून बसला होता.

"ही तार तुटली तर?"

"तुटत नाही. आणि तुटली तर विचार करायला वेळ मिळणार नाही. मग आत्ता तरी कशाला करता?"

तिनं पदराला बांधलेले भाजलेले भट्ट काढले, काळे सोयाबीन, आणि त्याच्या हातावर ठेवले. दोघं खात बसली. थोड्या वेळानं तो चुळबुळ करू लागला.

"वहिनी, मला जायचंय."

"मलाही जायचंय."

"तसं नाही. जायचंय."

गोविंदीच्या लक्षात आलं. "मग त्या बाजूला तोंड करा, मी गावाकडं बघते. नदीला काही नवीन नाही."

"दोन्ही काठांवर माणसं आहेत."

"मग धरा."

त्यानं धरलं. आणि धरलेलं विसरावं म्हणून असेल, स्वतःबद्दल बोलू लागला. कितीतरी महिने तो असा फिरत होता. नोकरी सोडून आला होता, आणि घरी ठाऊक नव्हतं. वडिलांना फोनवर सांगायचा, कंपनीच्या कामानं उत्तरेत आहे.

"म्हणजे तुम्हीही सांगून नाही निघालात," गोविंदी म्हणाली.

तो चष्मा पुसत बसला. तुषारांनी काचा पुन्हा भिजल्या, त्यानं पुन्हा पुसल्या.

पलीकडं त्रिलोक हातवारे करून थकला होता. मुन्स्यारीहून येणारी शेवटची जीप लवकरच यायची होती. गावाकडच्या काठावर बायका आमाला समजावत होत्या. सोड गं दीदी, परका मुलगा आहे, भीतीनं मरून जाईल. आमा गाठीवर हात ठेवून बसली होती. कुणी गाठीला हात लावायला गेलं की ती नुसती बघायची, आणि माणूस मागं सरायचा.

तेवढ्यात शुभ्रांशूला काहीतरी आठवलं. त्यानं पिशवीच्या कप्प्यातून एक चाकू काढला. मिटता येणारा, लहान, पण धार चांगली. फिरस्ते लोक ठेवतात तसा. पातं उघडलं तसं ते उन्हात चमकलं.

"हा दोर कापला तर?" तो गावाकडच्या दोराकडं बोट करून म्हणाला. "पलीकडून तो माणूस ओढेल. पाच मिनिटांत आपण रस्त्यावर. तुमची जीपही मिळेल."

गोविंदी दोराकडं बघत राहिली. खरं होतं. एक दोर तिला धरून होता आणि तो कापायला फार वेळ लागला नसता. तिचा हात पुढं आला. चाकू तिनं घेतला. पातं दोराला टेकवलं. मी श्वास घेत नाही, पण घेत असते तर त्या वेळी रोखून धरला असता.

मग तिनं पातं दोरावरून काढलं आणि चाकू मिटला.

"का?" शुभ्रांशूनं विचारलं.

"मी पोचेन. गरारीही तिकडंच पोचेल. तिला परत गावाकडं ओढणार कशानं? कापलेला दोर नदी नेईल. एवढा लांब दोर इथं मिळत नाही. मागं झिजला होता तेव्हा नवा यायला पावसाळा उजाडला होता." तिनं काठाकडं पाहिलं. "ती कलावती काकी दिसतेय ना, हिरवी ओढणी घेतलेली? माझी सगळ्यात जास्त बदनामी तिनंच केली असेल आत्तापर्यंत. तिच्या सुनेचे दिवस भरलेत. आज-उद्या कळा सुरू झाल्या तर तिला काय पोहत नेणार?"

तिनं चाकू त्याच्या हातात परत दिला. गावाकडचा दोर धरला. आणि एक झटका दिला.

ओढ.

गावाच्या काठावरून उत्तर आलं नाही. मग गाठ सुटल्याचं मला जाणवलं. दोर ताणला आणि मी मागं सरकू लागले. ओढताना आमा एकटीच होती. बायका मदतीला सरसावल्या तेव्हा तिनं मान हलवली.

मी काठाला लागले. शुभ्रांशू उतरला आणि कुणाकडं न बघता मोठ्या दगडामागं पळाला. काठावर कुणी हसलं नाही, याचं मला नवल वाटलं. सगळ्यांच्या नजरा गोविंदीवर होत्या. ती उतरली नव्हती. पिछौडा छातीशी धरून माझ्यातच बसून होती. परत आली होती खरी, पण पाय जमिनीवर ठेवायला तयार नव्हते.

आमा तिच्यासमोर उभी राहिली. मग आमानं हात पुढं करून पिछौडा घेतला, झटकला, आणि कोरडी बाजू वर येईल अशी पुन्हा घडी घातली.

"असा भिजवतात का? रंग उतरेल."

"ईजा..."

"चाकूनं कापत होतीस ना?"

"कापला नाही."

"बघितलं मी. म्हातारी झालेय, आंधळी नाही झाले." आमानं घागरा एका हातानं सावरला आणि माझा गज धरला. "सरक तिकडं."

"कुठं निघालीस?"

"तुला सोडायला. लेकीला सोडायला रस्त्यापर्यंत घरातलं कुणीतरी जातं. तुझी आई नाही. मग कोण जाणार, ही कलावती?"

लोक बघतच राहिले. कारण धनुली आमा माझ्यात कधीच बसली नव्हती. मला टांगलं त्या दिवसापासून एकदाही नाही. तिला खाली पाणी दिसलं की गरगरायचं. तिच्या भावाच्या घरचं लग्न तिनं त्यापायी चुकवलं, डोळ्यांच्या डॉक्टरकडं जाणं टाळलं. दोर शेकडो वेळा ओढला, पण माणसं दुसरी. आता ती आत आली, माझ्या जाळीवर बसली, गोविंदीचा दंड पकडला आणि डोळे मिटून घेतले.

शुभ्रांशू दगडामागून आला. त्याला सगळं समजायला एक क्षण लागला. मग त्यानं पिशवी जमिनीवर उपडी केली, आपले कपडे, पुस्तकं काढून घेतली आणि नुसतं तिचं गाठोडं आत भरून पिशवी गोविंदीच्या मांडीवर ठेवली. "गाठोडं उडतं," एवढंच म्हणाला.

कलावती काकीनं गावाकडचा दोर धरला. त्रिलोकनं पलीकडून ओढलं.

मध्यावर आलो तेव्हा गोविंदी म्हणाली, "ईजा, डोळे उघड. नदी बघ तरी."

"रोज बघते. वरून कशाला बघू?" आमानं डोळे अजूनच घट्ट मिटले. आणि तसंच बोलू लागली. "पुष्करला सकाळी उठवायचं असेल तर पायाचा अंगठा हलव. खांद्याला हात लावलास की ओरडून उठतो. लहानपणापासून आहे ते."

"मला माहीत नव्हतं."

"कसं असणार? होतीस कुठं त्याच्याजवळ. आणि कांदा जास्त घालू नकोस त्याला. दुसऱ्यांचा स्वयंपाक करतो म्हणून घरी चांगलं खाईल असं समजू नकोस. हट्टी आहे." चाकांचा आवाज तेवढा येत राहिला. "दाराची काळजी करू नकोस. लावता येतं मला."

गोविंदीनं तिच्या हातावर हात ठेवला. ती रडत होती, पण तिनं आवाज येऊ दिला नाही, आणि आमाचे डोळे तर मिटलेले होते.

त्रिलोकनं जीप थांबवून ठेवली होती. ड्रायव्हर कुरकुर करत होता, त्याला त्यानं फुकट चहा पाजला होता. आमानं गोविंदीला जीपमध्ये बसवलं, पिशवी मांडीवर दिली, पिछौडा तिच्या डोक्यावरून नीट घेतला. जीप वळणाआड गेली. आमा तिथं फार वेळ उभी राहिली नाही. लगेच माझ्याकडं आली. "चल रे त्रिलोक, सोड मला. गाईचं दूध काढायचं राहिलंय."

येताना ती एकटी होती. किती हलकी होती म्हणून सांगू. जाताना ते जाणवलं नव्हतं. डोळे तिनं मिटलेले नव्हते. मध्यावर आल्यावर तिनं दोर धरला आणि दोन झटके दिले. थांब.

काकीनं ओढणं थांबवलं. पलीकडून त्रिलोकही थांबला. काठावर शुभ्रांशूनं घाबरून विचारलं, "पुन्हा अडकली का?"

"नाही," कलावती काकी म्हणाली. "थांबलीय."

खाली पाणी धावत होतं. आमा गज धरून खाली बघत होती, मग वर खोऱ्याच्या तोंडाकडं, जिथनं ते पाणी येतं, मग रस्त्याकडं. तिचा तळवा माझ्या लोखंडावर होता. खरखरीत, गरम. ती काही म्हणाली नाही. माझ्यात बसून गप्प राहिलेलं ते पहिलं माणूस. कुणी घाई केली नाही. काकीनंसुद्धा नाही.

मग तिनं एक झटका दिला.

शुभ्रांशू त्या दिवशी निघालाच नाही. आमा घरी पोचेपर्यंत त्यानं चूल पेटवून चहा केला होता, आणि सवयीनं त्यात साखर घातली होती. आमा तो तसाच प्यायली. राजमा पेरून होईपर्यंत तो राहिला. निघाला तेव्हा त्याचे कपडे रिंगालाच्या, म्हणजे बारीक बांबूच्या टोपलीत होते, आमानं विणून घेतलेल्या. रस्त्यावर पोचल्यावर त्रिलोकच्या बाकड्यावर बसून त्यानं वडिलांना फोन केला. त्रिलोक सांगत होता, मुलगा बराच वेळ नुसता "हो बाबा, हो बाबा" म्हणत होता, आणि फोन ठेवल्यावर दोन पेले चहा प्यायला.

कलावती काकीच्या सुनेला कळा आल्या त्या गोविंदी गेली त्याच आठवड्यात, पहाटे. दोन्ही दोरांवर गाव लागलं होतं. मुलगी झाली. काकी आता गोविंदीबद्दल वाईट बोलत नाही. निदान माझ्यात बसून तरी नाही.

आता माझं सांगते. नवा पूल झालाय. माझ्या थोडा वरच्या अंगाला, सिमेंटचा, कठड्याला निळा रंग. फिरस्ते त्याच्यावरून चालत येतात आणि मला बघून फोटो काढतात. गोविंदीही त्याच्यावरूनच येते, वर्षातून दोनदा, नवऱ्याला घेऊन. तो खरोखरच टोपी काढत नाही. मी गावच्या काठाजवळ बांधलेली असते. चाकं गंजलीत. एका दोराला उंदरांनी कुरतडलंय. आमा माझ्या जाळीवर राजमा वाळत घालते, कारण इथं ऊन चांगलं येतं आणि बकऱ्यांचं तोंड पोचत नाही.

परवा दोन माणसं मोजमाप घेऊन गेली. पावसाळ्याआधी तार कापायची म्हणाली. एवढी वर्षं मी हवेत राहिले. ओढतील तिकडं गेले, थांबवतील तिथं थांबले. जमिनीवर कशी उभी राहीन, मला माहीत नाही. कदाचित वाकडीच पडेन.

तर बाबांनो, तार कापायच्या आधी एवढं करा. मला कुठल्या काठावर उतरवायचं ते कुणीतरी एकदा विचारा. भंगाराची गाडी रस्त्यावर येते म्हणून तिकडं ओढू नका. मला गावाच्या काठावर उतरवा. रस्त्यावर उतरणारी मी पुष्कळ नेली. इथं राहणारं एखादं असू दे.